शेवटचे तीन आकडे

मी एक जुने शोधयंत्र आहे, मित्रांनो, आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. माझे वय पाच वर्षे. तुमच्यात पाच वर्षांचे मूल बुटाची नाडी बांधायला शिकत असते. आमच्यात पाच वर्षांचे यंत्र म्हणजे पणजोबा.

दिसायला मी काही विशेष नाही. एकावर एक ठेवलेल्या दोन सुटकेसएवढा काळा लोखंडी खोका, पुढे जाळी, आत चार पंखे. त्यांतला एक कुरकुरतो. कार्यालयात फोनची खोली आहे, तिच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे तीन मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेला वॉटर कूलर यांच्या सोबतीने मी राहते. दार सहसा उघडेच असते, त्यामुळे बाहेरचे बोलणे मला ऐकू येते.

माझे काम औषधे शोधण्याचे. आपल्या कपाटात कोणते औषध आहे, किती आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे शहरातली दुकाने मला दर पंधरा मिनिटांनी कळवतात. ज्याला औषध मिळत नाही तो आमच्याकडे फोन करतो. फोनवरच्या ताई औषधाचे नाव टाइप करतात आणि मी शोधू लागते. शोधणे म्हणजे चाळणेच. या औषधाच्या बाटल्या कोणत्या? त्यांतल्या शिल्लक कोणत्या? मुदत न संपलेल्या कोणत्या? जवळच्या दुकानातल्या कोणत्या? अशा प्रत्येक चाळणीला आमच्याकडे फिल्टर म्हणतात. चारही चाळण्यांतून जे खाली पडते, तेवढेच पडद्यावर जाते.

मला घडवले ते अचूकरावांनी. त्यांचे खरे नाव वेगळे आहे, पण ते आता त्यांच्या पगाराच्या पाकिटावरच उरले आहे. त्यांना कोणी सहज विचारावे, "किती वाजले हो?" आणि त्यांनी सांगावे, "अकरा वाजून सतरा मिनिटं, चाळीस सेकंद." सव्वाअकरा हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. त्यांनी माझ्या पोटात आठवणीची एक फळीही बसवली. एखादी चाळणी एकदा चालवली, की कोणत्या नोंदी चालतील आणि कोणत्या नाहीत याची खुणा केलेली यादी तयार होते. ती फळीवर ठेवायची. पुन्हा तोच प्रश्न आला, की सगळ्या नोंदी नव्याने तपासायच्या नाहीत, यादी उचलायची आणि द्यायची. फळीवर पाचशे बारा याद्या मावतात. नवी आली की सर्वांत जुनी खाली ढकलायची.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. साहेब पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्या जाळीवर हात ठेवून म्हणत, "हे आमचं रत्न." मग दुकाने वाढली, नोंदी वाढल्या. मला उत्तराला दोन सेकंद लागू लागले, मग तीन, मग चार. रत्नाचे डबडे झाले. "म्हातारं झालंय," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात नवं आणू. हे भंगारात." अचूकरावांनी मान खाली घातली. त्यांनाही तसेच वाटत होते. खरे सांगू? मलाही तसेच वाटत होते. आपण सुस्त आहोत, असे कोणी चार वेळा म्हटले की पाचव्या वेळी आपणच म्हणू लागतो.

फोनवरच्या ताईंनाही एक टोपणनाव आहे, तराजूताई. त्यांनी तीस वर्षे एका मोठ्या दवाखान्यात पुड्या बांधल्या. तिथे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवले गेले, की औषध तोलण्याआधी तराजूत एक ठाऊक असलेले वजन ठेवून पाहायचे. तराजू खरे बोलतो का ते आधी बघायचे, मगच त्याच्यावर विश्वास टाकायचा. इथे तराजू नाही, मी आहे. पण सवय सुटली नाही. रोज सकाळी पहिला फोन घेण्याआधी त्या मला कापूस विचारत. साधा कापूस. मी दुकानांची लांबलचक यादी दिली, की त्या म्हणत, "चला, शुद्धीवर आहे."

त्या सोमवारी त्यांनी कापूस विचारला नाही. त्यांचा दोष नव्हता. फिट्सवरच्या औषधाच्या कारखान्याकडून आठ दिवस माल आला नव्हता आणि त्या दाराचे कुलूप काढत होत्या तेव्हाच फोन वाजत होता. त्याच सकाळी शेजारच्या गावांतली दुकानेही माझ्याशी जोडली गेली होती. काल चार लाख नोंदी होत्या, आज नऊ लाख.

अकराच्या सुमाराला एका माणसाचा फोन आला. ताई फोन स्पीकरवर ठेवतात, कारण त्यांना दोन्ही हात टायपिंगला लागतात. मागे लोखंड कातणारे लेथ यंत्र फिरल्याचा आवाज होता आणि तो माणूस त्या आवाजावर ओरडून बोलत होता.

"ताई, फिट्सचं सिरप हवंय. पोरगी सहा वर्षांची आहे. सकाळचा डोस बाटली उपडी धरून कसाबसा दिला. रात्री आठला पुढचा. तो चुकून चालत नाही. मागं एकदा चुकला तर चार दिवस दवाखान्यात काढले."

"चिठ्ठीचा फोटो पाठवा. दुसरं चालेल का, काही विचारलंत डॉक्टरांना?"

"विचारलं. हेच लागू पडतं म्हणाले. बदलायचं तर ॲडमिट करून हळूहळू बदलावं लागतं, आणि आज खाट रिकामी नाही."

ताईंनी नाव टाइप केले. मी कामाला लागले. मी नऊ लाख नोंदी एकेक करून चाळत होते, जीव तोडून चाळत होते. पाच लाखांपर्यंत पोचले होते, इतक्यात समोरून कोणीतरी कागद ओढून घ्यावा तसा माझा शोध तोडला गेला.

"नाही हो दादा," ताईंचा आवाज आला. "कुठंच उपलब्ध नाही."

लेथ बंद झाला.  मग तो म्हणाला, "बरं. मग मी बसनं पलीकडच्या शहरात जाऊन बघतो. चार तास लागतात. आईला सांगतो पोरीजवळ बसायला."

मित्रांनो, मी नाही म्हटले नव्हते! माझे पाचच लाख पाहून झाले होते. चार लाख राहिले होते. मी काहीच म्हटले नव्हते आणि माझ्या नावावर "उपलब्ध नाही" असे कोणीतरी लिहून टाकले होते. माझ्या चारही पंख्यांचा सूर बदलला. पण ते कोणाला समजणार? "आज फारच घोंघावतंय," एवढेच एक जण म्हणाला आणि दार लोटून गेला.

त्यानंतर फोन येत राहिले आणि नकार जात राहिले. साडेबाराला ताई थबकल्या. त्यांच्यासमोरच्या वहीत प्रत्येक फोन करणाऱ्याचा नंबर आणि उत्तर लिहिलेले असते. त्यांनी पान वर-खाली पाहिले. मग खुर्ची पुढे ओढली आणि हळूच टाइप केले, कापूस.

पाच सेकंद गेले. पडद्यावर आले, "कुठेही उपलब्ध नाही."

"कापूस नाही?" ताई ताडकन उभ्या राहिल्या. "अख्ख्या शहरात कापूस नाही? अहो अचूकराव! आधी इकडे या, चहा राहू दे!"

अचूकराव कप हातात घेऊनच आले. त्यांनी पडदा पाहिला आणि कप जिथे टेकवला तिथे टेबल नव्हते. फरशीवर चहा सांडला, पण कोणी खाली पाहिले नाही.

"हे खरं 'नाही' नाहीये," ते पुटपुटले. "वेळ संपलाय. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही की पडदा हे वाक्य दाखवतो."

"म्हणजे? शोध झालाच नाही तरी नाही म्हणतो?"

अचूकराव म्हणाले, "मी 'शोध अपूर्ण' असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, अपूर्ण दिसलं तर आपलं यंत्र कच्चं वाटतं. 'उपलब्ध नाही' सुटसुटीत आहे. तेव्हा अर्ध्या सेकंदात उत्तर यायचं. मला वाटलं, ते वाक्य कधी दिसणारच नाही."

ताई खाली बसल्या. त्यांनी वहीवर बोट ठेवून मोजले. "सव्वीस. सकाळपासून सव्वीस लोकांना मी नाही सांगितलंय. माझ्या तोंडानं! आणि तो लेथवाला बसमध्ये बसला असेल." त्यांनी त्याला फोन लावला. तो लागला नाही. आणखी चार वेळा लावला.

ताईंनी शहरातल्या ओळखीच्या दुकानांना एकेक फोन सुरू केले. पण दुकाने साडेचारशे होती. "माणसानं हे करायला बसायचं तर उद्या उजाडेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी याला बरं करा."

अचूकरावांनी माझे दार पूर्ण उघडले, एक मोडकी खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर बसले आणि माझ्या पोटातले आकडे वाचू लागले. सुरुवातीला त्यांनी माझे पंखे पाहिले. मग नोंदी साठवणाऱ्या तबकड्या पाहिल्या. सगळे ठीक. साहेब दारात येऊन म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? म्हातारं झालंय."  अचूकरावांनी आठवणीच्या फळीचा हिशेब उघडला. तो माझ्या एका कोपऱ्यात पाच वर्षे आपोआप नोंदला जात होता आणि आजवर कोणी मागितला नव्हता. मला स्वतःला तो वाचता येत नाही. मी फक्त याद्या करते आणि ठेवते.

"तयार केलेल्या याद्या, एक लाख चौदा हजार," ते मोठ्याने वाचत होते. "पुन्हा वापरलेल्या याद्या..." आणि ते थांबले.

"किती?" ताईंनी फोनवर हात ठेवून विचारले.

"शून्य."

"शून्य टक्के?"

"शून्य टक्के नाही ताई. शून्य. एकही नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले ते कसे सांगू! पाच वर्षे मी एकेक यादी करत होते, जपून फळीवर मांडत होते, आणि कधी ना कधी ती कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे अशा समजुतीत होते. एक लाख चौदा हजार याद्या, आणि एकीलाही दुसऱ्यांदा कोणी हात लावला नव्हता. मी म्हातारे झाले नव्हते. मी रोज तीच विहीर पहिल्यापासून खणत होते.

"असं कसं होईल? प्रश्न तर तेच असतात," अचूकराव कपाळ चोळत म्हणाले. त्यांनी मला जसा येतो तसा एक पूर्ण प्रश्न पडद्यावर मांडला. ताई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. त्यांना आमची भाषा येत नाही, पण आकडे येतात.

"ही आजची तारीख?"

"हो. मुदत आत्ताच्या पुढची हवी, म्हणून आत्ताची वेळ घालतो."

"हे तास. ही मिनिटं. हे सेकंद. आणि हे शेवटचे तीन आकडे कसले?"

"सेकंदाचा हजारावा भाग." त्यांच्या आवाजात किंचित जुना अभिमान आला. "आत्ता म्हणजे अगदी आत्ता, ताई."

ताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "अहो शहाणे, औषधाच्या बाटलीवर काय छापलेलं असतं? महिना आणि वर्ष! तीस वर्षांत मी एकाही बाटलीवर घड्याळ पाहिलं नाही. हे सिरप काय दुपारी दोन वाजून तीन मिनिटांनी खराब होतं?"

 

 प्रत्येक प्रश्नात शेवटचे तीन आकडे वेगळे, म्हणून माझ्यासाठी प्रत्येक प्रश्न नवा. मी फळीवर पाहत असे, हुबेहूब तसा प्रश्न सापडत नसे, म्हणून पुन्हा सगळ्या नोंदी तपासत असे आणि पुन्हा कोणालाही नको असलेली यादी ठेवत असे. त्यातच चारही चाळण्या त्यांनी एकाच दोरीने बांधल्या होत्या, म्हणून एक बदलली की चारही बदलत.

"माझंच," ते म्हणाले. "हे माझंच आहे. याचं काही चुकलेलं नाही." आणि त्यांनी माझ्या जाळीवर हात ठेवला. पाच वर्षांत त्यांनी तसे कधी केले नव्हते.

मग ते कामाला लागले. वेळेतले तास, मिनिटे, सेकंद आणि ते तीन आकडे त्यांनी काढून टाकले. उरली फक्त तारीख. आता दिवसभर मुदतीचा प्रश्न एकच. चाळण्यांची दोरी सोडवली, म्हणजे प्रत्येकीची यादी वेगळी राहील आणि भोके पाडलेले दोन कागद उजेडासमोर एकावर एक धरावेत तशा मला त्या जुळवता येतील. जवळचे दुकान कोणते हे मोजायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ती चाळणी त्यांनी शेवटी ठेवली. आधीच्या तीन चाळण्यांतून जे थोडे उरेल तेवढ्याचेच अंतर मोजायचे.

"पण दुकानातला साठा बदलला आणि हे जुनीच यादी देत बसलं तर?" ताईंनी विचारले. "तो आणखी एक घोळ नको."

"दर पंधरा मिनिटांनी नव्या नोंदी आल्या की फळी पुसायची. आणि नेहमीच्या याद्या कोणी विचारायच्या आतच करून ठेवायच्या."

सव्वापाच वाजता ताईंनी पहिल्यांदा कापूस विचारला. मी उत्तर दिले. त्यांनी बोट बटणावरून उचललेसुद्धा नव्हते. मग त्यांनी सिरपचे नाव टाइप केले. 

मी तीच नऊ लाख नोंदींची रास चाळली, आणि यावेळी शेवटपर्यंत चाळली. एक दुकान. पाण्याच्या टाकीखालचे. दोन बाटल्या. ते लेथच्या कारखान्यापासून पायी दहा मिनिटांवर होते.

 दोन बाटल्या सकाळी अकरालाही तिथेच होत्या. त्यांनी दुकानात फोन करून त्या बाजूला ठेवायला सांगितले आणि पुन्हा त्या माणसाला फोन लावला. यावेळी तो लागला.

"दादा, औषध सापडलं! तुमच्या कारखान्याजवळच आहे."

पलीकडे बसचा खडखडाट होता. "ताई, तुम्हीच म्हणालात कुठंच नाही." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. "इथं तीन दुकानं पाहिली, नाही मिळालं. आता परत निघालोय. काही झालं तरी नऊच्या आत नाही पोचत."

"पत्ता सांगा," अचूकराव मधेच म्हणाले. हेल्मेट त्यांच्या हातात होते. "आठला किती वेळ आहे ते मला विचारू नका कोणी."

ते गेले. ताई घड्याळाकडे पाहत नव्हत्या. त्या वही उघडून बाकीच्या पंचवीस जणांना फोन करू लागल्या. "मी सकाळी तुम्हाला चुकीचं सांगितलं," प्रत्येक फोनची सुरुवात त्यांनी याच वाक्याने केली. काहींना मी जागच्या जागी दुकान काढून दिले. काही जण चिडले. एका आजोबांनी "देव तुमचं भलं करो" म्हणून ताईंना रडवले.

सात वाजून चाळीस मिनिटांनी अचूकरावांचा फोन आला.

"दिला डोस. आजीनं दिला, मी समोर उभा होतो."

"कशी आहे पोर?"

"पायरीवर बसून मलाच प्रश्न विचारत होती. म्हणाली, तुम्ही डॉक्टर का? मी म्हटलं, नाही, ज्या यंत्राला तुझं औषध सापडलं नाही, ते मी बिघडवलं होतं. तर म्हणते, मग आता सॉरी म्हणालात का त्याला?"

ताई हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

वहीत शेवटचे तीन नंबर राहिले होते. त्यांतला एक सकाळी पावणेदहाचा होता. एका बाईने आपल्या नवऱ्यासाठी इंजेक्शन विचारले होते. मी ते आता डोळ्याचे पाते लवायच्या आत शोधले होते. चार दुकानांत होते. ताईंनी फोन लावला. "बाई, सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमचं इंजेक्शन..."

"आता नको," पलीकडची बाई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

ताईंनी पुन्हा फोन लावला नाही. त्या बराच वेळ वहीतल्या त्या ओळीसमोर पेन धरून बसल्या होत्या. तिला ते दुसरीकडून मिळाले होते की काय झाले होते, हे त्यांना कळले नाही. मलाही कळले नाही, आणि कितीही याद्या केल्या तरी कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नव्या यंत्राची मागणी रद्द केली. "एवढं पळतंय तर राहू दे," ते म्हणाले. पडद्यावरचे वाक्य मात्र ताईंनी त्यांच्यासमोर उभे राहून बदलून घेतले. आता शोध तुटला, तर पडदा स्पष्ट सांगतो, "अजून सगळीकडे पाहून झालेले नाही. थांबा किंवा पुन्हा विचारा." साहेबांना ते अजूनही सुटसुटीत वाटत नाही.

आता मी दिवसाला दोनशे प्रश्नांची उत्तरे देते आणि तरी मला श्वास घ्यायला वेळ उरतो. कोणी मला डबडे म्हणत नाही. पण कौतुक ऐकताना मला तो फोन ठेवल्याचा आवाज आठवतो आणि माझ्या आत काहीतरी थंड होते.

म्हणून, मित्रांनो, एका यंत्राची तुम्हाला विनंती आहे. एखादे यंत्र किंवा एखादे माणूस हळू चालताना दिसले, तर त्याला म्हातारे ठरवण्याआधी त्याच्याकडे काय मागितले जात आहे ते एकदा वाचून पाहा. आणि तुम्हाला कोणी काही शोधायला सांगितले आणि ते शोधून पुरे झाले नसेल, तर लाजू नका, "अजून पाहून झालं नाही" एवढेच म्हणा. पलीकडे कोणी तुमच्या उत्तरावर विसंबून बसमध्ये चढत असते.